मत नसलेल्यांचा प्रचार : मराठी पुस्तकांतली अमेरिका आणि तिच्यातून गळालेला कार्यकर्ता

(वाडी रत्नागिरी, जोतिबा इथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची ढब शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)



विषय ऐकून काही जणांना वाटलं असेल की जोतिबाच्या डोंगरावर अमेरिकेतल्या निवडणुकीचं काय काढलंय यांनी! पण मी निवडणुकीवर बोलायला आलेलो नाही. मी पुस्तकांवर बोलणार आहे. मराठीत अमेरिकेवर लिहायला लागून आता सव्वाशेहून अधिक वर्षं झाली. प्रवासवर्णनं झाली, आत्मचरित्रं झाली, दिवाळी अंकांतल्या लेखांची तर मोजदाद नाही. या सगळ्या लिखाणात मला एक माणूस सापडत नाही. शनिवारी सकाळी घरातून निघून, हातात नावांची यादी घेऊन, एका उमेदवारासाठी अनोळखी लोकांची दारं वाजवणारा मराठी माणूस. त्याला त्या देशात मत नाही. या कामाचे पैसे नाहीत. तरी तो जातो. अशी माणसं आपल्यातली आहेत, पण आपल्या साहित्यात नाहीत. ती का नाहीत, एवढाच माझा प्रश्न.

आधी तिथला नियम सांगतो, म्हणजे पुढचं बोलणं अधांतरी राहणार नाही. अमेरिकेत नोकरीच्या व्हिसावर, म्हणजे एच-वन-बीवर असलेल्या माणसाला मत देता येत नाही. उमेदवाराला देणगी देता येत नाही, एक डॉलरसुद्धा नाही. प्रचाराचे निर्णय घेणाऱ्यांत त्याला बसता येत नाही. पण बिनपगारी काम करता येतं. दारं वाजवायची, फोन करायचे, पाकिटांवर पत्ते लिहायचे. ग्रीन कार्ड मिळालं की देणगी देता येते, पण मत तरीही नाही. मत नागरिक झाल्यावर, आणि नागरिकत्वाचा अर्ज साधारणपणे ग्रीन कार्डानंतर पाच वर्षांनी. मधली रांग तुम्हाला ठाऊकच आहे. नोकरीतून मिळणाऱ्या ग्रीन कार्डांवर देशागणिक ७ टक्क्यांची मर्यादा आहे, त्यामुळे भारतीयांची रांग दहा-दहा वर्षांच्या पुढे जाते. २००५ साली गेलेला एखादा इंजिनिअर आजही बिनमताचा असू शकतो. तिथे जन्मलेली त्याची मुलगी अठरा वर्षांची होऊन मत देऊन येते आणि बाप गाडीत बसून तिची वाट बघतो. एवढं कथेचं बीज समोर पडलंय, आणि आपण अजून मॉलमध्येच फिरतोय. (हशा)

आता आपल्याकडचा एक अडथळा. ‘कार्यकर्ता’ हा शब्द. कोल्हापुरात हा शब्द उच्चारला की डोळ्यांसमोर काय येतं? तालीम, मंडळ, गळ्यात पट्टा, गाडीत पेट्रोल कुणाचं हा प्रश्न, आणि संध्याकाळचं जेवण. मी कुणाची चेष्टा करत नाही. बूथवर उन्हात बसून मतदार चिठ्ठ्या देणारी पोरं मी पाहिलीत, त्यांच्याशिवाय आपली निवडणूक हलत नाही. पण तिकडून पोरगा फोनवर म्हणाला, ‘आई, मी इथं एका उमेदवाराचं काम करतोय,’ तर इकडून पहिला प्रश्न येतो, ‘किती देतात?’ काहीच देत नाहीत म्हटल्यावर दुसरा प्रश्न, ‘मग कशाला?’ या ‘मग कशाला’चं उत्तर मराठी गद्यात नाही, म्हणून तो पोरगाही पुढं काही सांगत नाही. विषय हवामानावर जातो.

आणि गंमत बघा. हेच उत्तर आपल्या अमेरिकेवरच्या पहिल्या मोठ्या मराठी पुस्तकात होतं. पंडिता रमाबाईंचं ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’. साल १८८९.

नावाकडे लक्ष द्या. आधी ‘लोकस्थिति’, मग ‘प्रवासवृत्त’. पुढच्या शंभर वर्षांत आपण हा क्रम उलटा केला, आणि हळूहळू पहिला शब्द गाळूनच टाकला. रमाबाई १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाला उतरल्या, आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी. गेल्या थोड्या दिवसांसाठी आणि राहिल्या दोन वर्षांहून जास्त. तेवढ्या काळात शाळा बघितल्या, दवाखाने बघितले, व्याख्यानं दिली, पैसा उभा केला. आणि परत आल्यावर मराठी वाचकासाठी जे लिहिलं त्यात राज्यपद्धती, घरसंसार, शिक्षण, धर्मपंथ आणि दानधर्म, बायकांची स्थिती, व्यापार यांना स्वतंत्र प्रकरणं दिली. नायगारा बघून तोंडात बोट घालण्यापेक्षा कायदा कसा होतो, हे सांगण्यात त्यांना जास्त रस आहे. इंग्रजांच्या राज्यात बसून, इंग्रजांनाच हाकलून स्वतंत्र झालेल्या देशाची कारभारपद्धती मराठीत समजावून सांगणं, यात जो खोचकपणा आहे तो त्या वेळच्या वाचकाला नक्कीच कळला असणार.

पण मला सांगायचंय ते बायकांच्या प्रकरणाबद्दल. पुस्तकातला तो सगळ्यात भरलेला भाग आहे. त्यात त्यांनी विस्ताराने वर्णन केलंय ते दारूबंदीसाठी काम करणाऱ्या ख्रिस्ती बायकांच्या संघटनेचं. वुमन्स ख्रिश्चन टेम्परन्स युनियन, स्थापना १८७४. फ्रान्सिस विलर्ड तिच्या अध्यक्ष. रमाबाई या संघटनेच्या नुसत्या प्रेक्षक नव्हत्या. त्यांनी तिच्या पांढऱ्या फितीचा स्वीकार केला, तिच्या वतीने व्याख्यानं दिली.

आता त्या बायकांची राजकीय स्थिती काय होती? वायोमिंगसारख्या प्रदेशात १८६९ पासून बायकांना मत होतं, पण बहुतेक देशात नव्हतं. सगळ्या देशात मिळायला १९२० उजाडलं. म्हणजे रमाबाई ज्या बायकांबरोबर फिरत होत्या त्यांना कायदा बदलायचा होता आणि हातात मत नव्हतं. मग त्या काय करत? अर्जांवर सह्या गोळा करत. सभा घेत. पत्रकं छापत. गावोगाव शाखा काढत. मत असलेल्या पुरुषांच्या मागे लागत. दार वाजवणं हे मत नसलेल्यांचं हत्यार होतं, आणि ते चालवायला फक्त वेळ लागतो, जिद्द लागते आणि ‘नाही’ ऐकायची सवय लागते. रमाबाईंनी हे बरोबर हेरलं. त्या स्वतः तिथे दुप्पट बिनमताच्या होत्या, बाई म्हणून आणि परकी म्हणून. मायदेशी तर मताचा प्रश्नच नव्हता. म्हणूनच त्यांना या कामातली ताकद दिसली असं मला वाटतं. ज्याच्या हातात मत असतं त्याला ती दिसत नाही. तो म्हणतो, मी मत दिलं, माझं काम झालं.

आणि त्यांनी ही रीत नुसती लिहून ठेवली नाही, वापरली. बॉस्टनला १८८७ च्या डिसेंबरात त्यांच्या कामासाठी संस्था उभी राहिली. गावोगावी ‘रमाबाई सर्कल’ निघाली. सभासदाने वर्षाला निदान एक डॉलर द्यायचा, दहा वर्षं. एकरकमी मोठी देणगी देणाऱ्या एखाद्या शेठावर त्या विसंबल्या नाहीत. १८८९ च्या मार्चमध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झालं ते या एकेका डॉलरवर.

टीकाकार म्हणून मला पुस्तकाची कमजोर बाजूही सांगायला हवी. रमाबाई भारावलेल्या आहेत. मूळच्या रहिवाशांवर झालेला अन्याय, काळ्या लोकांबद्दलचा तिरस्कार याबद्दल त्या स्पष्ट लिहितात, पण आपल्या या मैत्रिणींकडे त्या तितक्या कठोर नजरेने बघत नाहीत. दारूबंदीच्या चळवळीचा रोख बऱ्याचदा आयरिश आणि जर्मन स्थलांतरितांवर होता, त्यांच्या गुत्त्यांवर आणि बिअरच्या बागांवर. आणि त्या काळी काही राज्यांत असं होतं की स्थलांतरित पुरुषाने ‘मला नागरिक व्हायचंय’ असा इरादा नोंदवला की त्याला मत मिळे. म्हणजे काल बोटीतून उतरलेल्या पुरुषाला मत, आणि सात पिढ्या तिथे राहिलेल्या बाईला नाही. बायकांचा संताप समजू शकतो, पण त्या संतापाला परक्यांच्या द्वेषाची फोडणी होती. रमाबाईंच्या पुस्तकानंतर काही वर्षांनी आयडा बी. वेल्स या कृष्णवर्णीय पत्रकार बाईंनी फ्रान्सिस विलर्डना जाहीर जाब विचारला, की काळ्यांच्या झुंडबळींबद्दल तुम्ही गप्प का. रमाबाईंच्या पुस्तकातल्या विलर्ड वाचताना हे आठवत राहावं.

तरीही, इतकं राजकीय पुस्तक पुढे मराठीत अमेरिकेवर आलं नाही असं माझं मत आहे. रमाबाईंनी १८८३ मध्ये धर्म बदलला होता, त्यामुळे पुण्या-मुंबईच्या वाचकाने त्यांना आपल्या कपाटातून बाहेर ठेवलं, हे एक कारण. गंमत म्हणजे २००३ मध्ये या पुस्तकाचे इंग्रजी अनुवाद आले, आणि त्यानंतर इंग्रजीतून वाचणाऱ्या मराठी माणसांनी ते मूळ मराठीत शोधायला सुरुवात केली.

मधला एक धागा पटकन सांगून पुढे जातो. आपल्या शेजारच्या हुबळीचे डॉ. ना. सु. हर्डीकर. मिशिगन विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकले, आणि लाला लजपतरायांनी १९१७ मध्ये न्यूयॉर्कला इंडियन होमरूल लीग काढली तेव्हा तिच्या कामाला लागले. अमेरिकन माणसांसमोर हिंदुस्थानची बाजू मांडायची, वर्गणीदार मिळवायचे, पत्रकं खपवायची. परत आल्यावर १९२३ मध्ये त्यांनी हिंदुस्थानी सेवा दल उभं केलं. स्वयंसेवक घडवण्याचं त्यांचं पुढचं सगळं काम आपण खादी आणि कवायत यांच्या हिशेबात धरतो. न्यूयॉर्कमध्ये थंडीत पत्रकं घेऊन उभं राहण्याचा त्यात काहीच वाटा नसेल, हे मला पटत नाही.

यानंतर १९६५ चा कायदा आला आणि आपले डॉक्टर, इंजिनिअर मोठ्या संख्येने गेले. १९८१ मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळ झालं. गणपती आले, शाळा आल्या, दर दोन वर्षांनी अधिवेशन आलं. या मंडळींनी मराठीपण किती कष्टाने टिकवलं ते मला माहीत आहे, आणि एक लक्षात घ्या : मंडळाचं हे सगळं काम स्वयंसेवकच करतात. पाचशे माणसांचा मसालेभात शिजवायला शनिवार देणारा माणूस आपल्याकडे भरपूर आहे. पण हा शनिवार मंडळाच्या भिंतीबाहेर गेला की लिखाणातून नाहीसा होतो. आपली परदेशातली लेखणी आतल्या बाजूलाच वळलेली. आठवण, आई, पाऊस, मुलांचं मराठी. शेजारच्या घरात कोण राहतं, गावच्या शाळेच्या मंडळावर कोण निवडून आलं, पाणीपट्टी का वाढली, याचा पत्ता नाही.

दुसरा प्रकार यशोगाथेचा. त्यात सगळ्यात वाचलं गेलेलं पुस्तक म्हणजे श्री ठाणेदार यांचं ‘ही ‘श्री’ची इच्छा’. चिकोडीत जन्म, इथून दोन-अडीच तासांवरच्या बेळगावात वाढ, १९७९ मध्ये अमेरिका, रसायनशास्त्रात डॉक्टरेट, मग स्वतःची कंपनी. सीमाभागातल्या किती पोरांनी ते पुस्तक उशाशी ठेवलं असेल! मी त्याला नाव ठेवत नाही. पण या जातीच्या पुस्तकात देश म्हणजे एक मैदान असतं आणि पळणारा एकटाच असतो. कष्ट माझे, धोका माझा, यश माझं. पुढे ठाणेदार राजकारणात गेले. २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक फेरीत उतरले, स्वतःचे लाखो डॉलर घातले, जाहिराती केल्या, आणि तिसरे आले. २०२० मध्ये राज्याच्या प्रतिनिधिगृहात आणि २०२२ मध्ये थेट अमेरिकन काँग्रेसमध्ये निवडून गेले. बेळगावचा मराठी माणूस तिथे पोचला याचा आपल्याला आनंद झालाच. पण आपल्या वर्तमानपत्रांनी ही बातमी कशी दिली? त्याच यशोगाथेचं पुढचं प्रकरण म्हणून. त्यांच्यासाठी किंवा त्यांच्याविरुद्ध डेट्रॉइटच्या गल्ल्यांत दारं वाजवणारी माणसं कोण होती, हे कुणी विचारलं नाही.

याच्या उलट बाजूला स्वाती दांडेकर. नागपूरच्या. १९७० च्या दशकात आयोवात आल्या. त्यांची सुरुवात शाळेपासून झाली, मुलांच्या शाळेतलं काम, मग १९९६ मध्ये स्थानिक शाळा मंडळावर निवड, आणि २००२ मध्ये राज्याच्या प्रतिनिधिगृहात. त्या निवडणुकीत विरोधी उमेदवाराने ईमेलमध्ये शंका काढली होती, की भारतात जन्मलेली बाई इथल्या मध्य-पश्चिमेकडच्या लोकांची मूल्यं कशी काय मांडणार. ती गोष्ट बाहेर आली, आणि दांडेकर निवडून आल्या. शेजाऱ्यांना त्या आधीच ठाऊक होत्या, त्यांना ‘मूल्यं’ पुराव्याने सिद्ध करायची नव्हती. मला विचाराल तर हे पुस्तक मराठीत यायला हवं होतं. शाळा मंडळाच्या बैठका, बर्फातले पत्ते, एक एक दार. पण त्यात सूटकेस घेऊन उतरण्याचा नाट्यमय प्रसंग कमी आणि कंटाळा जास्त, म्हणून आपल्या प्रकाशकाला त्यात पुस्तक दिसत नसावं.

कंटाळा हा शब्द मी मुद्दाम वापरला. या कामाचं खरं द्रव्य तेच आहे. दुपारभरात चाळीस दारं वाजवलीत तर निम्म्याहून जास्त उघडत नाहीत. फोनमधल्या यादीत खूण करायची, ‘घरी नाही’. पत्रक टपालपेटीत टाकायचं नाही, टपाल-तिकिटाशिवाय तिथे काही टाकणं हा तिथे गुन्हा आहे. दाराच्या मुठीला अडकवायचं. कुत्रं भुंकतं. कुणी विचारतं, तू मुळचा कुठला. कुणी नाव तीन वेळा विचारतं आणि तीन वेळा चुकतं. आणि मग एखादी म्हातारी दार उघडते, तिच्या विम्याचं गाऱ्हाणं वीस मिनिटं सांगते, आणि बोलणं संपल्यावर विचारते, ‘तू कुणाला मत देणार?’ तेव्हा आपल्या माणसाने काय म्हणायचं? ‘मला मत नाही.’ हा क्षण, मंडळी, मला मराठीत वाचायचाय. त्या म्हातारीच्या चेहऱ्यावर काय येतं? ती दार लावते, की आत बोलावते?

जोतिबाच्या माणसांना हे मी वेगळं सांगायला नको. चैत्रात सासनकाठीचा मान पाडळीचा, निगव्याचा, ज्याचा त्याचा. पण काठी उभी राहते ती चहूबाजूंनी दोर ताणून धरणाऱ्यांमुळे, आणि त्यांची नावं कुठल्या यादीत नसतात. गायमुखावर भाविकांना जेवायला वाढणारे, वाटेत फुकट पंक्चर काढून देणारे मेकॅनिक, यांना ‘मग कशाला’ असं कुणी विचारत नाही. तिथे उत्तर देव आहे. शेजाऱ्याच्या विम्यासाठी किंवा शाळेसाठी तेवढंच करणाऱ्याला मात्र आपण वेड्यात काढतो.

एक गंभीर गोष्ट. हे सगळं बोलताना मी शहाजोगपणा करू नये. कायद्याने परवानगी आहे म्हणजे भीती नाही असं नव्हे. २०२५ मध्ये अमेरिकेत काही परदेशी विद्यार्थ्यांचे व्हिसे त्यांच्या राजकीय बोलण्यावरून रद्द झाले, काहींना अटक झाली. त्यानंतर व्हिसावरचा माणूस फलक हातात घेताना दहादा विचार करणारच. त्याचं घरकर्ज, बायकोची नोकरी, मुलांची शाळा एका शिक्क्यावर टांगलेली. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये जोहरान ममदानी महापौर म्हणून निवडून आले ते हजारो स्वयंसेवकांच्या पायपिटीवर. एकाच वर्षात, एकाच देशात या दोन्ही गोष्टी घडल्या. या दोन्हींच्या मध्ये उभा असलेला मराठी माणूस काय करतो, घरी काय सांगतो, रात्री झोपतो का, हे ना बातमीत येतं ना अधिवेशनाच्या स्मरणिकेत. रमाबाईंना दोन वर्षांत जे दिसलं ते आपल्या दोन पिढ्यांना लिहिता आलेलं नाही.

(यानंतर प्रश्नोत्तरं झाली. त्यांतली दोन इथे देत आहोत.)

प्रश्न : तिथले सगळे प्रचारक फुकट काम करतात हे खरं वाटत नाही. इथल्यासारखंच असणार की.

— सगळे नाहीत. पैसे देऊन दारं वाजवून घेणाऱ्या कंपन्या तिथेही आहेत, आणि मोठ्या निवडणुकांत त्या सर्रास वापरतात. फक्त व्हिसावरच्या माणसाला तो मार्ग बंद आहे, त्याने ते पैसे घेतले तर तोच अडचणीत येईल. त्यामुळे तो दारात उभा असेल तर फुकटच उभा आहे, एवढं नक्की धरा.

प्रश्न (एक तरुणी) : सर, माझा भाऊ टेक्सासला आहे, व्हिसावर. तो गेल्या निवडणुकीत फोन करायला जायचा, घरी सांगितलं नव्हतं. मी त्याला काय सांगू? कर म्हणू की नको?

— ते मी सांगणार नाही, ताई. जोखीम त्याची आहे, मी इथे डोंगरावर बसून शूर होऊ नये. पण त्याने किती फोन केले, किती जणांनी आपटले, आणि तुम्हाला का सांगितलं नाही, हे त्याला मराठीत लिहायला सांगा. नाव घालू नको म्हणावं. दहा पानं झाली तरी चालतील. मला वाचायचंय.